वाढलेली ताकद आणि समोरचा जोडीदार : सरावाच्या लढतीतील शिस्तीविषयी

मांजराकाठ

मी लातुरात गेली ११ वर्षे ज्यूदोचा एक छोटा वर्ग चालवतो. त्याआधी लहानपणी निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत चार वर्षे माती अंगाला लावली होती. या मंचावर हा चर्चेचा धागा काढण्याचे कारण म्हणजे गेल्या महिन्यात माझ्याच वर्गात झालेली एक दुखापत. तिची जबाबदारी माझी आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

माझ्याकडे १९ वर्षांचा एक विद्यार्थी आहे. स्वभावाने शांत, कोणाशी वाद नाही, वेळेचा पक्का. दिवाळीनंतर त्याने जिम लावली आणि पाच महिन्यांत त्याचे वजन ६६ किलोवरून ७२ वर गेले. खांद्यावर १०० किलो घेऊन तो बैठका मारू लागला, याचे मला कौतुकच होते. त्या संध्याकाळी जमिनीवरच्या लढतीत त्याने १५ वर्षांच्या एका मुलाला जूजी-गातामे लावला. या डावात समोरच्याचा हात आपल्या दोन्ही मांड्यांत धरून कोपर उलट्या दिशेने ताणतात. लहान मुलाने मॅटवर थाप मारली. मी तीन पावलांवर उभा होतो. थाप मला ऐकू आली आणि तिच्या मागोमाग कोपरातून ओली काडी मोडावी तसा आवाजही ऐकू आला.

थाप पडल्यावर मोठ्या मुलाने हात धरून ठेवला नव्हता, त्याने तो लगेच सोडला होता. चूक त्याआधीच झाली होती. जो ताण द्यायला त्याने तीन सेकंद घ्यायला हवे होते, तो त्याने एका झटक्यात दिला, कारण पाच महिन्यांपूर्वी तेवढ्याच झटक्याने त्याच्याकडून कोणाचा हात सरळसुद्धा होत नव्हता. अंगात नवी ताकद आली होती आणि ती मोजायचे माप मात्र त्याच्याकडे जुनेच होते.

या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार करतो आहे. जिममधला प्रशिक्षक वजने वाढवतो, मॅटवरचा प्रशिक्षक डाव शिकवतो, पण ती वाढलेली ताकद घेऊन मुलगा मॅटवर उतरतो तेव्हा ‘बाबा रे, तुझा हात आता जड झाला आहे’ हे सांगणारे मध्ये कोणीच उरलेले नाही. गावच्या तालमीत जोर मोजणारे वस्ताद आणि लढतीसाठी जोड लावून देणारे वस्ताद एकच असत, म्हणून कोणाचे अंग किती भरले आहे हे त्यांना न सांगता कळत असे.

शिवाय, व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद येते, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून येते. स्नायू त्यानंतर भरतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध घट्ट व्हायला तर महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे नव्याने ताकद आलेला मुलगा जोडीदारासाठी जेवढा धोक्याचा असतो, तेवढाच तो स्वतःच्या सांध्यांसाठीही असतो.

आता मी वर्गात पुढीलप्रमाणे बदल केले आहेत. त्यांत काय चुकते आहे, काय राहून गेले आहे, हे जाणत्यांनी सांगावे, अशी विनंती आहे.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनच दिवस, दोन दिवसांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवून. प्रत्येक सेट ५ ते ८ वेळांचा, आणि अजून दोन वेळा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबायचे. एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल, तर लढत आधी आणि वजने नंतर. हा क्रम मी फार कडकपणे पाळू लागलो आहे, कारण जड बैठकांनी थकलेला पाय तोल जाताना वेळेवर पुढे पडत नाही आणि मग फेकणाऱ्याचे सगळे वजन खालच्याच्या गुडघ्यावर जाते. प्रत्येकाने आपले वजन आणि उचललेले ओझे माझ्या वहीत लिहायचे. ज्याचे आकडे दोन महिन्यांत बरेच वाढले, त्याने पुढचे दोन आठवडे केवळ आपल्याहून वरच्या वजनाच्या आणि अनुभवी जोडीदाराशीच लढायचे.

लढतीपूर्वी वाकून नमस्कार करण्याची पद्धत ज्यूदोत पहिल्यापासून आहे, पण आमच्याकडे ती केवळ मान हलवण्यापुरती उरली होती. आता नमस्कारानंतर दोघांनी एकमेकांना दोन गोष्टी विचारायच्या: कुठे दुखते आहे का, आणि ही फेरी किती जोराची. कोपराचा डाव पूर्ण बसला की तिथे थांबायचे, मग मनात तीन आकडे मोजत ताणायचे. दोन्ही हात अडकले असतील, तर पायाने थाप मारावी किंवा तोंडाने ‘बस’ म्हणावे, आणि तो शब्द थापेइतकाच मानावा. उभ्याने फेकताना समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, उलट तो जमिनीला टेकताना ती किंचित वर ओढायची, म्हणजे त्याचे डोके आणि खांदा आधी आपटत नाही. ही बाही ओढून धरणे मला सगळ्या शिष्टाचारात मोठे वाटते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान सुरू केले. दोघांचेही भले व्हावे हे तत्त्व त्यांनी पुढे शब्दांत मांडले, आणि ते मला या एका बाहीत दिसते.

लालमाती

सर, मुलाच्या कोपराचे वाचून वाईट वाटले. आपण स्वतःवर जबाबदारी घेतली, हे बरे केले.

मी परभणी जिल्ह्यातला, वयाच्या अकराव्या वर्षापासून तालमीत आहे. आमच्या वस्तादांकडे नव्या पठ्ठ्याला पहिले काही महिने लढत मिळतच नसे. पहाटे फावड्याने आखाड्याच्या हौदातली माती उकरायची, ती हाताने चाळून सारखी करायची, मग जोर-बैठका. माती उकरण्यात कंबर, पाठ आणि मनगट यांना जो व्यायाम मिळतो, तो निराळा सांगायला नको. त्यानंतर वस्ताद त्याला मोठ्या पैलवानाच्या हाती देत, आणि मोठा पैलवान त्याला ‘खेळवत’ असे. खेळवणे म्हणजे मुद्दाम हरणे नव्हे. पोराने पट (पाय धरून पाडण्याचा डाव) काढला तर तो निघू द्यायचा, मात्र चुकीचा काढला तर निघू द्यायचा नाही. एवढे तोलून खेळण्यासाठी समोरच्या पोराची ताकद किती आहे हे आपल्या अंगाला समजावे लागते. आमच्या तालमीत ज्याला लहानांना खेळवता येत नसे, त्याला जत्रेच्या फडात उतरवत नसत.

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. बारबेल आणि वजनांची गरज काय? आपल्या लातूर जिल्ह्यातल्याच रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते जोर, बैठका, लढत आणि खुराक यांवर. जोर मारून आलेली ताकद अंगात सगळीकडे सारखी पसरते, त्यामुळे पैलवान एका ठिकाणी जड आणि दुसऱ्या ठिकाणी कच्चा राहत नाही. आपल्या विद्यार्थ्याला जिमने एकदम ताकद दिली, त्याच कामाला तालमीने दोन वर्षे घेतली असती आणि तोवर त्याला मापही आले असते.

मांजराकाठ

लालमाती, ‘खेळवणे’ या शब्दाबद्दल मनापासून आभार. मी इतकी वर्षे जपानी शब्द वापरत राहिलो आणि हा घरचा शब्द विसरून गेलो होतो.

बिराजदार मामांचे नाव आमच्या तालुक्यात देवळातल्या नावासारखे घेतले जाते. जोर-बैठकांना मी कमी लेखत नाही. मापाविषयीचा तुमचा मुद्दाही मला पटतो. पण दोन अडचणी मांडतो. शंभर बैठका सहज मारणाऱ्याने दोनशे मारल्या, तर त्याचा दम आणि चिवटपणा वाढतो, मात्र निव्वळ ताकद फारशी वाढत नाही, कारण ओझे तेच राहते. दुसरी अडचण अशी की जोर म्हणजे ढकलणे आणि बैठक म्हणजे पायांचे काम, ओढण्याचे काम या दोन्हींत नाही. जुन्या तालमीत ते माती उकरण्यातून, दोरावर चढण्यातून, मल्लखांबातून आणि रोजच्या लढतीतून होत असे. शहरातल्या मॅटच्या वर्गात यांपैकी काहीच नसते, फक्त जोर-बैठका तेवढ्या उरतात. खांदा पुढे झुकलेल्या आणि पाठ कच्ची राहिलेल्या मुलांची रांग मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्याकडे बारबेल एकच आहे. बाकीचे काम आम्ही सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यांत वाळू भरून करतो. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वाळू, तोंड सुतळीने दोनदा बांधलेले, असे २०, ३० आणि ४० किलोचे कट्टे आहेत. कट्टा छातीशी घट्ट धरून ३० पावले चालायचे, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. बारबेलला पकडायला जागा असते, कट्ट्याला नसते, आणि वाळू एका बाजूला सरकली की कमरेला आपोआप सावरावे लागते. माणसाचे शरीर उचलताना असेच होते. पकडीसाठी बारवर पंचा टाकून त्याची दोन टोके धरून लोंबकळतो. मानेसाठी मात्र ‘पूल’, म्हणजे डोके जमिनीला टेकवून मानेवर अंगाचे वजन तोलणे, करू देत नाही. जोडीदार कपाळाला तळहात लावतो आणि मुलगा मान जागची न हलवता दहा सेकंद दाब देतो, मग हेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. यात एक वेगळाच लाभ दिसला: दुसऱ्याच्या मानेला सोसेल इतका जोर किती, हे तळहात लावणाऱ्याला हाताने मोजावे लागते.

तेरणा

मी धाराशिवला किकबॉक्सिंग शिकतो. सर्वांचा आदर राखून एक शंका विचारतो. स्पर्धेत समोरचा हळू मारत नाही. तीन आकडे मोजून हात ताणत नाही. सरावात सारखे जपून खेळलो, तर स्पर्धेत पहिला ठोसा बसताच आपण गांगरणार नाही का? आमच्याकडे ज्येष्ठ मुले म्हणतात की मार खाल्ल्याशिवाय अंग तयार होत नाही.

हिमरू

मी छत्रपती संभाजीनगरला सात वर्षे किकबॉक्सिंग करते आणि आता मुलींची एक तुकडी शिकवते. तेरणा, तुमची शंका खरी आहे आणि ती माझीही होती.

जोराच्या फेऱ्या हव्यातच, पण त्या ठरवलेल्या हव्यात. आमच्याकडे स्पर्धा जवळ आलेल्यांसाठी आठवड्यातून एक दिवस तशा फेऱ्या असतात: समान वजन, समान अनुभव, १६ औंसचे हातमोजे, दातांवर माउथगार्ड, नडगीला गार्ड, आणि मध्ये प्रशिक्षक उभा. बाकी सगळे दिवस हलक्या हाताचे. हलका हात म्हणजे संथ हात नव्हे, हे मात्र समजून घ्या. ठोसा पूर्ण वेगाने निघतो, नेमका जागेवर पोहोचतो आणि तिथे थांबतो. ज्याला थांबवता येतो, त्याला तो आत घालताही येतो. उलट जो नेहमी पूर्ण ताकदीने मारतो, त्याचा जोडीदार घाबरून नवा डाव करून बघत नाही, आणि दोघेही वर्षभर तेच दोन ठोसे घटवत बसतात.

आता ‘त्याने जोरात मारले म्हणून मीही मारले’ या भांडणाविषयी लिहिते, कारण सरावातली निम्मी भांडणे इथून सुरू होतात. दोन माणसांना एकमेकांच्या बोटावर ‘तुला जेवढा दाब मिळाला, तेवढाच परत दे’ असे सांगून प्रयोग केले गेले आहेत. दोघेही प्रामाणिकपणे तेवढाच देत असतात आणि तरीही दाब प्रत्येक वेळी वाढत जातो. कारण आपण स्वतः लावलेला जोर मेंदूला आधीच ठाऊक असतो, म्हणून तो कमी जाणवतो, आणि समोरून आलेला पुरेपूर जाणवतो. म्हणजे दोघेही खरे बोलत असतात. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की ठोसा जड लागला की लागणाऱ्याने ‘हलके’ म्हणायचे, आणि मारणाऱ्याने खुलासा न देता मान डोलवून जोर उतरवायचा. ‘मी तर हळूच मारले’ हे वाक्य आमच्या वर्गात बंद आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. माझ्या पहिल्या वर्षी एक दादा माझ्यासमोर आला की हात खाली सोडून उभा राहत असे. मी मारत असे आणि तो हसत असे. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, पण तीन मिनिटांच्या फेरीत मला शिकायला काहीच मिळाले नाही. दुसरा एक जण माझा एक ठोसा नाकावर बसताच पुढचे चार ठोसे पूर्ण जोराने मारून मोकळा झाला. दोघांनाही मी ‘मुलगी’ दिसत होते, समोरची लढणारी दिसत नव्हती. मुलांना माझे सांगणे एवढेच आहे की वजन आणि अनुभव पाहून जोर ठरवा, आणि फेरीआधी विचारा. मुलींना सांगते की एखाद्या जोडीदाराबरोबर लढायला नको वाटत असेल, तर ‘नको’ म्हणण्यासाठी कारण देण्याची गरज नाही, आणि प्रशिक्षकांनी ते कारण सगळ्यांसमोर विचारूही नये. जमिनीवरच्या पकडी शिकवताना हात कुठे पडणार आहे, हे प्रशिक्षकाने आधी बोलून दाखवावे.

नखे, घड्याळ, कडे, गळ्यातला दोरा यांविषयी मी लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असते, तरीही दर आठवड्याला कोणाचे तरी नख लागतेच.

अस्थिबंध

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. वरची चर्चा वाचून काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट जोर-बैठकांची, कारण ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एक मुलगा भरतीच्या तयारीसाठी नवीन वर्गात गेला आणि पहिल्याच दिवशी इतरांच्या ईर्षेने त्याने ५०० बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम असा भार पडला, की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडावर येते. तो वेळेवर रुग्णालयात गेला म्हणून निभावले. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या आणि लघवीचा रंग गडद झाला, तर घरी तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उन्हाळ्यात आणि पाणी कमी प्यायलेल्या मुलांत हा धोका अधिक असतो. नव्या मुलाला शिक्षा म्हणून बैठका देण्याची पद्धत कुठे असेल, तर ती बंद करा, हे मी हात जोडून सांगते.

डोक्याच्या माराविषयी. ठोसा लागून किंवा आपटून मुलगा क्षणभर गोंधळला, गरगरले, मळमळले, प्रकाश नकोसा झाला, आपण कोणती फेरी खेळत होतो हे आठवेना, तर शुद्ध हरपली नसली तरी त्या दिवशी त्याची लढत संपली. तो ‘ठीक आहे’ म्हणाला तरी संपली. पहिले २४ ते ४८ तास साधी हालचाल चालते, पण श्रम नकोत, आणि मोबाईलही कमी पाहावा. त्यानंतर चालणे, मग सायकल किंवा धावणे, मग एकट्याने डावाचा सराव, असे पायरीपायरीने वर जायचे. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. त्रास वाढला, तर थांबून मागच्या पायरीवर यायचे. जोडीदाराशी भिडण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यायचीच. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलटी झाली, झापड आली किंवा हातापायांत बळ वाटेना, तर मात्र थेट रुग्णालय. हेडगार्डने कातडी फुटणे कमी होते, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच, म्हणून हेडगार्ड आहे या भरवशावर जोर वाढवू नये. ‘मार खाऊन अंग तयार होते’ हे नडगीच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. मेंदूच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही.

पालक हमखास विचारतात की वजने उचलून उंची खुंटते का. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. मुलाला सूचना समजून पाळता येऊ लागल्या की हलक्या वजनाने सुरुवात करता येते. दुखापती होतात त्या ‘आज जास्तीत जास्त किती उचलतोस बघू’ या चढाओढीत.

मांजराकाठ सर, कोपराच्या मुलाचे एमआरआय झाले आहे का? आतल्या बाजूचा अस्थिबंध पूर्ण तुटला आहे की ताणला आहे, यावर पुढचे सगळे ठरेल.

बालाघाट

मी शेतकरी आहे, राहणार बीड जिल्हा. माझा मुलगा १६ वर्षांचा असून कुस्ती खेळतो. त्याचे वजन ६१ किलो आहे आणि त्याला ५७ किलोत खेळवायचे असे ठरले आहे. स्पर्धेला नऊ दिवस आहेत. तो दोन दिवसांपासून रात्री जेवत नाही, दुपारी पत्र्याच्या खोलीत स्वेटर घालून दोरीच्या उड्या मारतो आणि पाणी मोजून पितो. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी ५७ किलोत पदक आणले, म्हणून त्यालाही तोच गट हवा आहे. त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा नाही. मी त्याला अडवावे का? अडवले तर त्याचे मन मोडेल.

अस्थिबंध

दादा, अडवा, आणि आजच अडवा. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महाविद्यालयात खेळणारे तीन पैलवान अवघ्या महिनाभरात अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावले. गरम खोली, घाम न सुकू देणारे कपडे, आणि पाणी बंद. त्यानंतर तिथे गरम खोल्या आणि रबरी कपडे यांवर बंदी आली आणि वजनमापाचे नियम बदलले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली जी उष्णता असते, तिथे स्वेटर घालणे म्हणजे तीच खोली झाली.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, तरी दम आणि लक्ष कमी होऊ लागते. तुमचा मुलगा ६१ किलोचा आहे, म्हणजे सव्वा किलो पाणी गेले की तो मॅटवर कमकुवत होऊनच उतरणार. त्यातून १६ वर्षांचे वाढते वय आहे. हाडे आणि स्नायू भरण्याच्या वयात रात्रीचे जेवण तोडणे योग्य नाही.

लालमाती

बालाघाट काका, मुलाला हेही सांगा की राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण जिंकले, आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले ते ६१ किलोत. म्हणजे मुलाचे आजचे जे वजन आहे, त्याच वजनात. आवारे लहानपणी बिराजदार मामांच्या हाताखाली तयार झाले. वस्ताद असे पाठीशी असले, की वजनगट पैलवानासाठी निवडला जातो, पैलवान वजनगटासाठी वाळवला जात नाही. मुलाच्या वस्तादांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला. मुलाला मध्ये घालू नका, त्याची फार ओढाताण होईल.

तेरणा

हिमरू ताईंचे बोटाच्या दाबाचे उदाहरण काल आमच्या वर्गात मी आणि माझ्या जोडीदाराने करून पाहिले. सहा-सात वेळांतच दोघांची बोटे पांढरी पडली आणि दोघेही ‘मी वाढवले नाही’ म्हणत होतो. ज्येष्ठ मुलांनाही दाखवले. ‘हलके’ हा शब्द सोमवारपासून आम्ही वापरणार आहोत.

मांजराकाठ

आधी अस्थिबंध मॅडमना उत्तर देतो. एमआरआय झाले आहे. अस्थिबंध पूर्ण तुटलेला नाही, अंशतः फाटला आहे. शस्त्रक्रिया टळली. हात पट्ट्यात आहे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आहे. डॉक्टरांनी त्याला बैठका मारायला आणि चालायला परवानगी दिली आहे. उजव्या हाताला मात्र अजून काहीच नाही.

स्वच्छतेविषयी कोणी विस्ताराने लिहिले नाही, म्हणून ही भर घालतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या महिन्यांत आमच्या वर्गाला मॅट पुसायला पाणी नव्हते आणि मुलांना घरी जाऊन अंघोळ मिळेलच याची खात्री नव्हती. तीन आठवड्यांत सात मुलांना गजकर्ण झाले. मी तेव्हा वर्ग चालू ठेवला, जमिनीवरच्या लढतीही चालू ठेवल्या, आणि ते चुकले. आता अंगावर गोल चट्टा दिसला की चट्टा बरा होईपर्यंत भिडायचे नाही, कट्ट्याचा व्यायाम एकट्याने करायचा, असे ठरवले आहे. पाण्याची टंचाई असेल, त्या दिवशी मॅट जंतुनाशकात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसतो. एका बादलीत सगळी मॅट होते.

लालमातींच्या सांगण्यावरून वहीत एक रकाना वाढवला आहे: कोणी कोणाला खेळवले. १९ वर्षांचा तो विद्यार्थी महिनाभर मॅटवर यायला तयार नव्हता. मी त्याला घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांनी त्याला काही बोलल्याविना आत बोलावले आणि मुलाच्या आजीने दोघांपुढे शेंगदाण्याचे लाडू ठेवले. तिथे बसून त्याने विचारले, की जूजी-गातामे मी पुन्हा कधी लावू शकेन. मी सांगितले की उद्यापासून, पण आधी माझ्या हाताला.

गेले दोन आठवडे रोज सराव संपल्यावर तो माझ्या कोपराला डाव लावतो, थांबतो, मग तोंडाने तीन मोजत हळूहळू ताणतो. मी मुद्दाम कधी पहिल्या आकड्यावर थाप मारतो, कधी तिसऱ्यावर, कधी ‘बस’ म्हणतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या मांड्यांची थरथर मला दंडापर्यंत जाणवत असे, आता ती थांबली आहे. लहान मुलगा पट्ट्यातला हात सांभाळत मॅटच्या कडेला खुर्चीवर बसतो, घड्याळ धरतो आणि प्रत्येक फेरी संपली की शिट्टी वाजवतो. परवा मोठा दोनवरच पूर्ण ताणू लागला, तेव्हा फेरी संपायच्या आतच त्याने शिट्टी वाजवली.

बालाघाट काका, वस्तादांची भेट झाली का, ते इथे कळवा.

बालाघाट

काल सकाळी भेट झाली. ते म्हणाले, पोरगा ६१ मध्येच उतरेल, मला वाटले घरच्यांना ५७ हवे आहे. रात्री दोन भाकरी आणि पिठले खाऊन झोपला.